तीस टक्के



मला 'संगणक क्षेत्रातील वाटचाल' सांगायला उभं केलंय. ती थोडक्यात : कोड लिहिला, दोन मुलं वाढवली, आता इतरांच्या मुलाखती घेते. सांगायचं वेगळंच आहे.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर आरक्षणावरून वाद पेटला. गाडी कंपन्यांतल्या 'डायव्हर्सिटी'वरही आली. "गुणवत्ता मेली," असं कुणीतरी लिहिलं आणि त्याखाली भराभर अंगठे पडले. एक माझा होता. रात्री उशिरा मी तो काढला.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगची जागा मुलींसाठीच्या 30 टक्क्यांतून मिळाली. खुल्या यादीत माझं नाव नव्हतं. घरी पेढे वाटले. त्याच कॉलेजात आपल्या वर्गातला एक मित्र जातीच्या आरक्षणातून आला. त्याला चार वर्षं 'कोट्यातला' म्हणत. मला एकदाही कुणी म्हटलं नाही, आणि हसणाऱ्यांत मी होते. माझ्याकडे अभ्यासाला वेगळी खोली होती. तो पहाटे घरोघरी दूध घालून शाळेत यायचा. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आपण कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे आपण इतिहासाच्या पेपरात पाठ करून लिहिलंय. पण महाराज नुसत्या जागा राखून थांबले नाहीत. त्यांनी बोर्डिंगं उभी केली. खेड्यातला मुलगा इथे राहणार कुठे, जेवणार काय, याचा विचार केला. आमच्याकडच्या कार्यक्रमांत नेमकं हेच राहून जातं. महिला दिनाला गुलाब मिळतो, पण मीटिंग संध्याकाळी सातलाच लागते. असल्या कार्यक्रमांवर टीका जरूर करा, मीही करते.

पण भरतीचं खरं सांगू? ज्याचा मित्र आत, त्याचा अर्ज वर. याला मात्र कुणी कोटा म्हणत नाही.

तो मित्र आज आलाय. मघाशी नोंदणीच्या टेबलाशी त्यानेच मला बिल्ला लावायला दिला. त्याला बाजूला घेऊनही बोलता आलं असतं. पण मी हसले होते चारचौघांत, म्हणून चारचौघांतच सांगते : चुकलं रे माझं.