कोणत्या समाजव्यवस्थेच्या पाठीशी उभे राहावे?



मनुष्याचे जीवन सार्थकी लागणे हे केवळ त्याच्या स्वतःच्या उद्योगावर अवलंबून नसते. ज्या समाजव्यवस्थेत तो जन्मास येतो, ती त्याच्या गुणांना वाट मोकळी करून देते, नाही तर ती वाट जन्मापूर्वीच बंद करून ठेवते. म्हणून कोणत्या व्यवस्थेचा पुरस्कार करावा, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नव्हे. तो प्रत्येक नागरिकाचा, आणि विशेषतः शिक्षकाचा आहे. व्यवस्थांची नावे पुष्कळ आहेत आणि सुखाची आश्वासने प्रत्येकीपाशी आहेत. त्यांची पारख करण्यास कसोटी मात्र साधी हवी. गावातील सर्वांत निर्धन घरच्या मुलास त्या व्यवस्थेत कोणते स्थान मिळते, ही ती कसोटी होय.

प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासावर ही कसोटी लावून पाहणे उद्बोधक आहे. इ. स. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. सरकारची तिजोरी शेतकऱ्यांच्या घामाने भरते, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच होतो, हे त्यांनी दाखवून दिले व किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पुढे १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सुधारणेचा गौरव सांगणारी परकी राजवट या कसोटीस उतरली नाही. आणि विरोध करणाऱ्यांत काही हिंदी सभासदही होते, हेही विसरून चालणार नाही.

याच्या उलट, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत प्रवेश देण्याचा हुकूमही त्यांनी काढला. येथे मनात शंका उत्पन्न होते. जे काम कायदेमंडळास साधले नाही, ते एका राजाच्या आज्ञेने साधत असेल, तर सज्जन राजाचीच व्यवस्था उत्तम का मानू नये?

या शंकेचे उत्तर असे की, राजाची कृपा राजाबरोबर जाऊ शकते. शाहू महाराजांसारखा पुरुष विरळा; आणि त्याच्यामागून येणारा तसाच असेल, याची हमी कोणी द्यावी? कृपेने मिळालेले हक्काने मागता येत नाही. म्हणून १९५० मध्ये भारताने प्रजासत्ताकाचा मार्ग पत्करला. तथापि या मार्गानेही फळ लवकर हाती आले नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प संविधानात होता. १९६० साल उलटले, संकल्प अपुराच राहिला. परंतु ही उणीव उघडपणे बोलता येत होती, न्यायालयापुढे नेता येत होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला, २००२ मध्ये संविधानात तशी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. विलंब लाजिरवाणा खरा. परंतु ज्या व्यवस्थेला तिची चूक तोंडावर सांगता येते व सांगणारा सुरक्षित राहतो, तीच स्वतःस सुधारू शकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीचाच डोलारा कोसळेल. याचा अर्थ असा की, व्यवस्थेला पाठिंबा केवळ मतपेटीपाशी देऊन भागत नाही.

शिक्षक हा पाठिंबा रोज देत असतो किंवा रोज नाकारीत असतो. वर्गात कोण पुढे बसतो, पाण्याच्या माठाला कोण हात लावतो, दुपारच्या भोजनाची पंगत एक असते की दोन, यांवरून मुले समाजव्यवस्थेचा पहिला पाठ शिकतात. आईबाप ऊसतोडीस गेल्यामुळे दिवाळीनंतर एखादे मूल वर्गातून नाहीसे होते. त्याचे नाव पटावर राखणे पुरेसे नाही. ते कोठे गेले याचा शोध घेणे, तेथील शाळेत त्याची सोय पाहणे आणि परत येताच त्याला वयानुरूप वर्गात सामावून मागे पडलेला अभ्यास भरून देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे कायदा सांगतो. त्या बैठकीत एखाद्या मजुराने शिक्षकास प्रश्न विचारला, तर तो अपमान समजू नये. प्रश्न विचारण्याचे ते धैर्य हीच या व्यवस्थेची खरी मिळकत आहे.

सार्थ जीवनास अनुकूल अशी व्यवस्था कोठून तयार होऊन येत नाही. ती गावोगावच्या शाळांतून घडवावी लागते, आणि ते काम शिक्षकांच्या हाती आहे.