आपल्याच गावात उपरं वाटतं तेव्हा



आमच्या गटातली एक ताई रोज बसने हिंजवडीला एका मोठ्या इमारतीत साफसफाईला जाते. तिथं पूर्वी तिच्या सासऱ्यांचं भातखाचर होतं. पहिल्या दिवशी फाटकावर विचारलं, "कुणाकडे जायचंय?" ताई म्हणते, "तोंडातून शब्दच फुटेना."

तिचं बोलणं ऐकून आम्हाला वाचलेल्या कादंबऱ्या आठवल्या. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. त्यातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. शहरात त्याचा जीव रमत नाही, शिक्षण पुरं होत नाही. गावी परततो, तर तिथंही मन लागत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, ते दुःख त्याला आत पोखरतं.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांची. तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाव पाण्याखाली जातं आणि नव्या जागी माणसं उपरी ठरतात. आपल्या मुळशीला हे नवं नाही. 1921 साली सेनापती बापटांसोबत इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालं, वीज मुंबईला गेली.

शिकलेली माणसं याला परात्मता म्हणतात. आपण उपरेपण म्हणू. बायकांना तर ते लग्नातच मिळतं. माहेरी आपण पाहुण्या, सासरी बाहेरून आलेल्या.

पांडुरंगाचं एक आम्हाला फार लागलं. मनातलं मोकळं करावं असं माणूस त्याला जवळ नाही. आमची ताईही गटात वर्षभर गप्पच होती. हप्ता भरायची, सही करायची, निघायची. आम्हीही कधी विचारलं नाही. ही चूक आमचीच.

परवाच्या बैठकीत विचारलं, "ताई, खाचरांना नावं काय होती?" तिने बोटांवर मोजत पाच नावं सांगितली. मग धरणाकडच्या एका आजींनी सासूकडून ऐकलेली, बुडालेल्या वावरांची नावं सांगितली. आम्ही ती सगळी गटाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवली. जमीन काही परत आली नाही. पण त्या दिवशी ताई सगळ्यांत शेवटी घरी गेली.

तुमच्याही गटात अशी एखादी गप्प बाई असेल. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की वही लगेच मिटू नका. तिला तिच्या शेताचं नाव विचारा.