गव्हाचं सोवळं

(मंडळाच्या महिला शाखेच्या श्रावणातल्या सभेत केलेलं भाषण)



मला ‘आहार आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी काही आहारतज्ज्ञ नाही. माझ्या नातीला गहू चालत नाही आणि तिला घेऊन मी इंदूरभर जेवत फिरते, एवढाच माझा अधिकार. म्हणून विषय जरा लहान करते : ज्याला गहू वर्ज्य आहे, त्यानं बाहेर कसं जेवावं?

नात सहा वर्षांची होईपर्यंत तिचं पोट सारखं बिघडायचं. वजन वाढेना, अंगात रक्त कमी. मी दृष्ट काढत होते. शेवटी रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि निदान झालं : सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या माणसांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारी आतली लव झिजते. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लूटेन बंद, हाच उपाय. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, म्हणजे आपल्या मंडळातही असू शकतो. कुणाला शंका आली, तर तपासणीआधी गहू सोडू नका. सोडला की तपासणीत आजार दिसत नाही.

हा दोष गव्हाचा, हे कळायलाही जगाला वेळ लागला. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. तेव्हा त्यांचा संशय बळावला आणि १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहून तो मांडला. आपण तर माळव्यात राहतो. शरबती गव्हाचा प्रांत, दाल-बाफल्यांचं जेवण. इथे ‘गहू बाधतो’ म्हटलं की लोक हसतात. मीही त्यातलीच होते.

निदान होऊन चार महिने झाले होते. शेजारी सत्यनारायण होता. सून आत गेली आणि मी नातीच्या हातावर चमचाभर शिरा ठेवला. म्हटलं, प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्यानं काय होतंय? रात्रभर तिला ओकाऱ्या झाल्या. सून मला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

‘एवढ्यानं’ म्हणजे किती, ते मी नंतर समजून घेतलं. एक ग्रॅम रव्यात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम गेलं तरी या आजारात आतड्याला इजा होऊ शकते. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं, तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मग मला माझी सासू आठवली. तिचं सोवळं कडक होतं. भांडी वेगळी, पाणी वेगळं, ओवळ्याचा डाव सोवळ्यात बुडाला की सगळं बाद. त्यातला माणसांना दूर ठेवण्याचा भाग वाईटच होता, तो गेला ते बरं झालं. पण भांड्याला भांडं लागू न देण्याची शिस्त आम्हाला पाठ होती. तीच आता नातीच्या कामी येते. पदार्थात गहू आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्याला गहू शिवला का, तेही विचारावं लागतं.

हॉटेलात गेलं की ‘ग्लूटेन’ हा शब्द वापरू नका. वाढणारा मुलगा मान डोलावतो आणि विसरतो. मी सरळ सांगते : “भैया, बच्ची को गेहूँ से बीमारी होती है. आटा, मैदा, सूजी, दलिया कुछ नहीं चलेगा, उसका हाथ लगा हुआ भी नहीं.” आणि शक्यतो हे आचाऱ्याला किंवा मालकालाच सांगते.

मग तेल विचारायचं. बेसनाची भजी तशी चालतात, पण त्याच कढईत समोसे-कचोऱ्या तळल्या असतील तर नाही. सराफ्यातला गराडू म्हणजे निव्वळ कंद, पण त्याचीही कढई विचारा. मग तवा. डोसा तांदूळ-उडदाचा, पण आधीचा रवा डोसा त्याच तव्यावर आणि उलथनंही तेच. ज्वारीची भाकरी मागवली तर ती कणकेच्या पिठीवर थापत नाहीत ना, मक्याच्या रोटीत कणीक मिसळत नाहीत ना, हेही विचारायचं.

लपलेला गहू तर फार ठिकाणी असतो. सर्वांत मोठा चोर म्हणजे हिंग! बाजारातल्या बहुतेक डबीतल्या हिंगात मैदा किंवा कणीक असते, डबीवर वाचून पाहा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. म्हणजे फोडणीचं वरण, सांबार, शेव, जिरावण, सगळीकडे प्रश्न. आपले इंदुरी पोहे तांदळाचेच, पण वरची शेव आणि जिरावण घरचं न्यायचं आणि जिलेबीचा हात पोह्यांना लागू द्यायचा नाही. दाट रश्शाला मैदा लावलेला असतो, टिक्की-कटलेटला पावाचा चुरा असतो, सोया सॉसमध्ये गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा गहू असतोच.

मग खायचं काय? आम्ही साधा भात, जिऱ्याची बिनहिंगाची फोडणी दिलेलं वरण, दही, एखादी सुकी भाजी मागवतो. उपासाचे पदार्थ तर मोठा आधार. साबूदाणा, भगर म्हणजे इथलं मोरधन, राजगिरा, शिंगाडा. उपासाचं म्हटलं की धान्य बाजूला ठेवायचं, हे निराळं सांगावं लागत नाही. पण कढई विचाराच. आदल्या दिवशी फोन करावा आणि भट्टी पेटतानाच जावं. गर्दीच्या वेळी कुणालाच ऐकायला सवड नसते. स्वतः वाढून घ्यायच्या जेवणात डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात फिरतात, ते टाळावं. आणि एखादा मालक म्हणाला, “माताजी, हमसे नहीं होगा,” तर त्याचे आभार मानावेत. ‘हो हो, चालेल’ म्हणणाऱ्यापेक्षा तो बरा. पर्समध्ये घरचा डबा असतोच.

मागे एका वाढदिवसाला सगळी मुलं जेवत होती आणि ही रिकाम्या ताटापुढे बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “आजी, मला भूकच नाही.” दहा वर्षांच्या मुलीला खोटं बोलायला शिकवतो आपण, असं वाटलं मला.

म्हणून मंडळाला एक विनंती. यंदाच्या महाप्रसादात एक पातेलं वरणाचं आणि एक भाताचं वेगळं ठेवा. हिंग नको, डाव वेगळा. पंगत बसण्याआधी ते वाढून बाजूला ठेवा. तळणीच्या मोदकांबरोबर तांदळाच्या उकडीचेही थोडे मोदक करा, उकडायला मी येईन. ते कुणासाठी, हे चारचौघांत विचारू नका. आणि एखाद्या मुलानं प्रसादासाठी हात पुढे केला नाही, तर आग्रह करू नका. त्यानं नुसता नमस्कार केला तरी बाप्पाला पोहोचतो.

गणपती बाप्पा मोरया!