घरच्या सर्व्हरचा वीजपुरवठा

कोथरूड हें एके काळीं पुण्याच्या पश्चिमेस शेतमळ्यांनीं वेढलेलें खेडें होतें. आज तेथें इमारतींची दाटी झाली आहे आणि घराघरांत नाना तऱ्हेचीं यंत्रें आलीं आहेत. त्यांत घरच्या सर्व्हरची भर पडत आहे. कुटुंबांतील छायाचित्रें, पत्रें व दस्तऐवज जपून ठेवणारा आणि हवे तेव्हां घरच्या माणसांच्या हातीं देणारा हा लहानसा संगणक अहोरात्र चालूं असतो. तो फारसा कोणी पाहत नाहीं; पण त्याचा वीजपुरवठा चुकीचा निवडला, तर घराला त्याची आठवण रोज रात्रीं होते.

समजा, डहाणूकर कॉलनींतील एका निवृत्त गृहस्थांनीं असा सर्व्हर बसविला आहे. मुलगी परदेशीं असते. वडिलांच्या हातचीं पत्रें आणि दिवंगत पत्नीच्या आवाजांतील ओव्या त्यांत सांठविल्या आहेत. जुन्या संगणकांतील ५०० वॅटचा एस्.एम्.पी.एस्. घरांत पडून होता. तो वाया कां दवडावा, ह्या विचारानें त्यांनीं तोच जोडला. दिवसां कांहीं जाणवलें नाहीं. रात्रीं मात्र घर शांत झालें, कीं कपाटांतून पंख्याची घरघर ऐकूं येई आणि कपाटाचें दार हातास कोमट लागे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ५०० वॅटचा पुरवठा म्हणजे ५०० वॅट जाळणारा पुरवठा नव्हे. तो आंकडा त्याच्या कमाल शक्तीचा असतो. यंत्र मागेल तितकीच वीज तो देतो. मग नुकसान कोठें होतें? भिंतींतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज तो प्रथम एकदिश करतो, मग सेकंदास हजारों वेळां तिची उघडझांप करून १२, ५ व ३·३ व्होल्टपर्यंत खालीं आणतो. ह्या खटाटोपास कांहीं वीज लागतेच, मग भार कितीहि कमी असो. तांब्याभर ऊन पाण्यासाठीं रोज सगळा बंब पेटवावा, तशांतला हा प्रकार.

आतां हिशेब पाहूं या. सर्व्हरास स्वस्थ स्थितींत १५ वॅट लागतात असें धरूं. ५०० वॅटच्या पुरवठ्यावर हा भार केवळ तीन टक्के होतो. इतक्या अल्प भारावर जुन्या पुरवठ्याची कार्यक्षमता ६० टक्क्यांपर्यंत उतरली, तर भिंतींतून २५ वॅट घ्यावे लागतात. योग्य आकाराच्या चांगल्या अडॅप्टरनें ती ८६ टक्के राहिली, तर सुमारें साडेसतरा वॅटांत काम भागतें. फरक साडेसात वॅटांचा. एक वॅट वर्षभर अखंड जळला, तर पावणेनऊ युनिटें होतात. म्हणजे वर्षाला सुमारें ६५ युनिटें वांचलीं. युनिटास दहा रुपये धरले, तरी बचत साडेसहाशें रुपयांच्या आसपास. केवळ बिलासाठीं नवा पुरवठा घेणाऱ्यानें हा आंकडा आधीं पाहावा.

खरा लाभ निराळाच आहे. वाया गेलेली वीज उष्णता होते, आणि बंद कपाटांत ती सांचत राहते. पुरवठ्यांतील कपॅसिटरचें आयुष्य तपमानावर अवलंबून असतें. दहा अंश वाढले, कीं तें अंदाजें निम्म्यावर येतें. वैशाखांत पुण्याचा पारा चाळिशीस टेकतो, तेव्हां ह्याचा विचार टाळतां येत नाहीं. उष्णता कमी झाली, म्हणजे पंख्याचीहि गरज उरत नाहीं, आणि शांतता आपोआप लाभते.

खोक्यावरील '८० प्लस'चें मानचिन्ह पाहून अनेक जण निश्चिंत होतात. तें खोटें नाहीं. परंतु त्याच्या बहुतेक श्रेणींची परीक्षा २०, ५० व १०० टक्के भारावर होते. टायटेनियम ह्या श्रेणीस दहा टक्क्यांचीहि अट आहे. तीन टक्क्यांवर काय घडतें, तें हें चिन्ह सांगत नाहीं. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें उलटी लावावी: पाय मोजून अंथरूण घ्यावें.

मोजतांना मात्र स्वस्थ स्थितीवरच थांबूं नये. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरूं लागतांना क्षणभर वीस-पंचवीस वॅट ओढते. दोन डिस्का व प्रोसेसरचा पूर्ण भार मिळून मागणी ७५-८० वॅटांवर जाते. तेव्हां ९० किंवा १२० वॅटचा बाहेरचा अडॅप्टर आणि आंत व्होल्टेज वाटून देणारी लहान पट्टी, ही जोडी पुरेशी होते. ह्यांत पंखा नाहीं. एक सावधगिरी हवी: अनेक साध्या पट्ट्या अडॅप्टरचे १२ व्होल्ट तसेच डिस्कांकडे सोडतात, म्हणून तेथें हलका अडॅप्टर चालत नाहीं. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी व 'आय्.एस्. १३२५२' हा क्रमांक पाहावा. धातूच्या पेटीस झिणझिण्या येत असतील, तर तीन पिनांचा अडॅप्टर घ्यावा व घरचें अर्थिंग तपासावें.

विजेचा दाबहि सदैव सारखा नसतो. कोथरूडमध्येंच कार्यालय असलेल्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटानें घरांतील दाब मिनिटामिनिटाला नोंदविणारीं छोटीं यंत्रें देशांत ठिकठिकाणीं बसविलीं, तीं ह्याच प्रश्नाच्या शोधासाठीं. ज्यावर १०० ते २४० व्होल्ट छापलें आहे, तो पुरवठा दाब उतरला तरी तग धरतो. वीज गेल्यास मात्र इन्व्हर्टर हवा, आणि त्याची कळ 'यूपीएस'वर ठेवावी. नाहीं तर बदलाच्या क्षणीं सर्व्हर बंद पडूं शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र स्वस्त दिसतो. सुटणाऱ्या केबलींचा पुरवठा बदलतांना जुन्या केबली तशाच ठेवण्याचा मोह होतो. दोन कंपन्यांच्या केबलींचीं टोकें सारखीं दिसलीं, तरी आंतील तारांचा क्रम वेगळा असूं शकतो. पांच व्होल्टच्या जागीं बारा गेले, कीं डिस्क जळते, आणि तिच्यासह ओव्याहि. म्हणून पुरवठ्यासोबत आलेल्याच केबली वापराव्या, आणि जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. पुरवठा कितीहि उत्तम असला, तरी तो प्रतीची जागा घेत नाहीं.

परीक्षा घरच्या मीटरवरहि होते. मीटरवर युनिटास ३२०० ठिपके छापलेले असतील, तर बाकी सर्व बंद करून पाव तास दिव्याची उघडझांप मोजावी. २५ वॅटांस वीस लुकलुकी होतात, साडेसतरा वॅटांस चौदा. त्या गृहस्थांनीं पुरवठा बदलल्यावर अशीच मोजणी करावी. आणि मग रात्रीं दिवा मालवून कपाटापाशीं कान द्यावा. कांहींच ऐकूं आलें नाहीं, तर निवड बरोबर झाली असें समजावें. त्या शांततेंत ओव्या लावल्या, तर त्यांतील श्वासहि ऐकूं येईल.