एका उपकारक बुरशीचे कुळ



मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्या नाशासाठी शेतकरी जी बुरशीची भुकटी विकत घेतो, तिच्या पुड्यावर पुष्कळदा ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ हे नाव असते. कापूस, वांगे, बटाटा यांवर मररोग आणणाऱ्या बुरशीचे नाव ‘व्हर्टिसिलियम डाहली’. आडनाव एकच! तेव्हा औषधाबरोबर शेतात रोगही जात नाही ना, अशी शंका एखाद्या चिकित्सक शेतकऱ्याने काढली, तर ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

या घोटाळ्याचे मूळ बाह्यरूपावरून नाव ठेवण्यात आहे. झिमरमन यांनी १८९८ मध्ये या बुरशीचे वर्णन केले, तेव्हा तिचे नाव निराळे होते. पुढे १९३९ मध्ये, बीजाणू धरणाऱ्या तिच्या फांद्या वलयाकार फुटतात म्हणून, तिला व्हर्टिसिलियम प्रजातीत घालण्यात आले. झारे व गाम्स यांनी २००१ मध्ये तिला तेथून काढून ‘लेकॅनिसिलियम’ ही नवी प्रजाती केली.

हा निर्णय योग्य होता काय? त्याची एक साक्ष पेशीतील तंतुकणिकांनी दिली. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या या कणिकांजवळ स्वतःचा लहानसा आनुवंशिक लेख असतो, हे शिक्षकांना ठाऊकच आहे. मानवात तो १६,५६९ अक्षरजोड्यांचा असतो. लेकॅनिसिलियम मस्केरियम या कीटकनाशक जातीचा संपूर्ण लेख अथेन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. तो सुमारे साडेचोवीस हजार जोड्यांचा भरला. जनुके कोणती, यापेक्षा ती कोणाच्या शेजारी बसली आहेत, हे येथे अधिक बोलके ठरते. कारण असा शेजार पिढ्यान्‌पिढ्या सहसा मोडत नाही. हुमणीसारख्या किडींवर वापरल्या जाणाऱ्या मेटारायझियमचा लेख २००६ मध्ये वाचला गेला. त्यातील प्रमुख जनुकांचा क्रम लेकॅनिसिलियमशी जुळतो. त्याच वर्षी वाचलेल्या व्हर्टिसिलियम डाहलीच्या लेखात मात्र तो क्रम वेगळा निघाला. म्हणजे पुड्यातील बुरशी मररोगाच्या घराण्यातील नव्हे. तिचे सगेसोयरे कीटकांवर जगणारे आहेत.

वर्गीकरणकारांनी २०१७ मध्ये तिला पुन्हा हलवून ‘अकँथोमायसिस’मध्ये नेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नामांतर जरा अतीच झाले. पुड्यावर जुने नाव दिसले म्हणून बिचकू नये. पण पुड्यातील बीजाणू जिवंत आहेत की नाहीत, हे कोणत्याही नावावरून कळत नाही. त्यासाठी वापराची मुदत पाहावी, पुडा उन्हात ठेवू नये आणि हवेत ओलावा असताना, सायंकाळी फवारणी करावी.