किल्लीची राखण



संगणकातल्या किल्ल्या कुठे आणि कशा ठेवतात, हा आजचा विषय. संत्र्याच्या आणि कापसाच्या या पट्ट्यात त्याचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण आज दुपारीच पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या एटीएमवर कुणी पिन दाबला असेल. एखाद्या आजीनं कियोस्कवर अंगठा लावून पेन्शन काढली असेल. कुठल्या तरी ग्रामपंचायतीत नालीच्या कामाचं बिल मंजूर झालं असेल. या तिन्ही कामांत एक किल्ली फिरली. ती कुणी पाहिली नाही, पण ती कुठल्या तरी वस्तूत आणि कुणाच्या तरी ताब्यात होती. हा ताबा कुणाचा, एवढंच मला आज तुमच्यासमोर उलगडायचं आहे.

ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. आज सर्रास वापरली जाणारी २५६ बिटांची किल्ली आपल्या आकड्यांत लिहायची तर सुमारे ७८ आकडी होते. जगातले सगळे संगणक एकेक संख्या लावून बघायला बसले तरी ती सापडणार नाही. मजकूर कुलूपबंद करण्याची रीत मात्र उघड असते. एईएस नावाची रीत अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००१ साली जाहीर केली आणि ती कुणीही वाचू शकतो. सांकेतिक लिपीचे अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की, सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. म्हणजे सगळा भार त्या एका संख्येवर आला. ती ठेवायची कुठे?

माहिती ज्या संगणकात आहे त्यातच ठेवली, तर माहिती चोरणारा किल्लीही घेऊन जाईल. मग त्या किल्लीला दुसऱ्या किल्लीनं बंद करतात. तसं खरंच करतात आणि ते योग्यही आहे. पण मग ती दुसरी किल्ली कुठे? ही साखळी कुठे तरी संपायला हवी, आणि ती संपते एका लोखंडी पेटीत. तिला एचएसएम म्हणतात. बँकांच्या आणि आधारच्या डेटा सेंटरमध्ये या पेट्या असतात. किल्ली पेटीच्या आतच जन्मते आणि उघड्या रूपात कधीच बाहेर पडत नाही. किल्ली कामाकडे जात नाही, काम किल्लीकडे येतं: बंद मजकूर आत जातो, उत्तर तेवढं बाहेर येतं. कुणी पेटी फोडायला गेलं, तर चांगल्या प्रतीची पेटी आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते.

एटीएमचंही तसंच आहे. तुम्ही पिन दाबता तेव्हा तो त्या आकड्यांच्या पाटीच्या पोटातच सांकेतिक होतो. मशीनमधल्या संगणकालाही तो उघडा दिसत नाही. पाटी उचकटली की तिच्यातली किल्ली नष्ट होते. ही किल्ली मशीनमध्ये भरायची जुनी पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. किल्लीचे दोन भाग दोन वेगळ्या पाकिटांत, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे येत. एकानं आपला भाग टाकून बाजूला व्हायचं, मग दुसऱ्यानं टाकायचा. सरकारी कोषागारातल्या दुहेरी कुलपाचीच ही रीत: दोन माणसं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही.

याच्यापुढचं पाऊल अदी शमीर या गणितज्ञानं १९७९ मध्ये टाकलं, आणि ते शाळेच्या फळ्यावर समजावता येतं. एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा काढता येतात. दोन बिंदू दिले की रेषा एकच. समजा, गुपित म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती जागा. रेषेवरचा एकेक बिंदू पाच जणांना वाटा. एकट्याला काहीच कळणार नाही, कुठलेही दोघे एकत्र आले की गुपित उघडेल. तिघे लागावेत असं वाटलं तर रेषेऐवजी वक्र घ्यायचा. दहावीच्या मुलाला कळेल असं हे गणित आज जगातल्या मोठ्या किल्ल्यांची राखण करतं.

इंटरनेटवरच्या नावांच्या खरेपणाची जी मूळ किल्ली आहे, ती तयार करण्याचा पहिला विधी १६ जून २०१० रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे झाला. साक्षीदार, कॅमेरे, तिजोऱ्या, सगळं उघडपणे. बिकट प्रसंगी ती परत मिळवता यावी म्हणून निरनिराळ्या देशांतल्या सात जणांकडे वाटे दिले आहेत; त्यांतले पाच जमले तर काम होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र कॅलिफोर्नियातल्या अशाच केंद्रात तिजोरीचं कुलूपच बिघडलं. किल्ली वापरण्याचा विधी काही दिवस पुढे गेला आणि तिजोरी छिद्र पाडून उघडावी लागली. किल्ली चोरीला जाणं जेवढं वाईट, तेवढंच ती आपल्यालाही न मिळणं वाईट. राखण करणाऱ्याला दोन्हींचा विचार करावा लागतो.

आता कियोस्क. इथे किल्ल्यांची जोडी असते: बंद करणारी जाहीर, उघडणारी गुप्त. अंगठ्याचा ठसा आधारच्या जाहीर किल्लीच्या आधारानं बंद होऊन निघतो आणि तो उघडणारी गुप्त किल्ली आधारकडच्या पेटीत असते. पूर्वीच्या एल-झिरो यंत्रांत हे बंद करण्याचं काम जोडलेल्या संगणकातलं सॉफ्टवेअर करत असे. एल-वन यंत्रात ते यंत्राच्या आतच, सुरक्षित भागात होतं. हा बदल फार मोलाचा आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, अंगठा ही किल्ली नव्हे. किल्ली बदलता येते, अंगठा बदलता येत नाही, आणि त्याचा ठसा आपण दिवसभर भांड्यांवर, कागदांवर सोडत असतो. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक लावून ठेवा आणि पैसे काढायच्या वेळी उघडा, असं मी आग्रहानं सांगेन.

इतकी जपणूक असताना चोऱ्या होतात कशा? पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, मराठी माणसाच्या विश्वासाची. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. त्या ७८ आकडी संख्येचा शोध कुणाला लागला नव्हता. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून खोटा स्विच, म्हणजे एटीएमला उत्तर देणारी नकली यंत्रणा, उभा केला आणि 'द्या पैसे' असं उत्तर तोच देत राहिला. कुलूप जागच्या जागी होतं, वाट दुसरीकडून काढली होती.

आपल्या गावांत अशी वाट कुठून निघू शकते, हे सांगण्यासाठीच मी आलो आहे. पंचायतीचं पेमेंट सरपंच आणि सचिव या दोघांच्या डिजिटल सहीनं होतं. त्या सहीची गुप्त किल्ली डोंगलमध्ये असते. बोटभर लांबीची ही वस्तू त्या मोठ्या पेटीची धाकटी बहीण आहे: किल्ली आतच राहते, कॉपी करता येत नाही, चुकीचा पिन पुन्हापुन्हा टाकला तर डोंगल बंद पडतं. दोन सह्या ठेवल्या त्या दोन माणसांनी दोनदा विचार करावा म्हणून. मग दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या एकाच खणात आणि पिन कागदाच्या चिठोऱ्यावर, अशी स्थिती अनेक पंचायतींत असते, तिला काय म्हणावं? दोनाची एक सही झाली, आणि ती निवडून न आलेल्या माणसाची झाली. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. एखाद्या ताईनं निवडणूक जिंकायची आणि तिचं डोंगल तिच्या नवऱ्याच्या खिशात राहायचं, याचा मला मनापासून राग येतो. बिल खोटं निघालं तर चौकशीत नाव त्या ताईचंच येणार. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं ४२ वं कलम सांगतं की, गुप्त किल्लीचा ताबा जपण्याची जबाबदारी धारकाची आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं.

संगणक येत नाही, ही अडचण खरी आहे. पण पिन टाकायला संगणक यावा लागत नाही. सचिवांनी बिल वाचून दाखवावं, सरपंचांनी विचारायचं ते विचारावं, डोंगल आपल्या हातानं लावावं, पिन स्वतः टाकावा आणि काम झालं की डोंगल काढून घरी न्यावं. विकत आणताना असलेला पिन पहिल्याच दिवशी बदलावा. हरवलं तर जनपद पंचायतीला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवावं, म्हणजे ते प्रमाणपत्र रद्द होईल.

२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन आपला पांढुर्णा जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली, नव्या अधिकाऱ्यांच्या नव्या सह्या आल्या. राज्यात पंचायतींच्या निवडणुका २०२२ च्या जून-जुलैत झाल्या होत्या, म्हणजे मुदतीप्रमाणे पुढच्या २०२७ मध्ये. तेव्हा जुने सरपंच जातील, पण त्यांच्या डोंगलमधलं प्रमाणपत्र कदाचित चालू असेल. जुनी सही प्रणालीतून कोणत्या तारखेला काढायची, कुणी काढायची आणि काढल्याची नोंद कुठे ठेवायची, याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेनं त्याआधीच करून ठेवावा. त्याचा नमुना मी लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हवा त्यांनी माझ्याकडून घ्यावा.