ट्वीड नदीवरील शरदातला सॅमन

'ट्वीड' हे नाव आपल्याकडील सुशिक्षित घरांत अपरिचित नाही. मात्र ते कापडाचे म्हणून. या जाड्या लोकरी कापडाचे मूळ नाव वेगळेच होते, लंडनच्या एका व्यापाऱ्याने चिठ्ठीतील अक्षर चुकीचे वाचले आणि त्याच्या कानावर नदीचे नाव असल्यामुळे कापडालाही तेच चिकटले, अशी एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, नदी खरी आहे. दक्षिण स्कॉटलंडच्या डोंगरांत उगम पावून, काही अंतर इंग्लंडची सीमा सांभाळीत, सुमारे 97 मैलांचा प्रवास करून ती बेरिक गावापाशी उत्तर समुद्रास मिळते. तिच्या काठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जी शिकार चालते, तिच्यासारखी चमत्कारिक शिकार क्वचितच दुसरी असेल. कारण जिला आमिष दाखवावयाचे ती शिकार त्या दिवसांत कडकडीत उपोषण करीत असते.

सॅमनचा जन्म नदीत होतो. दोन-तीन वर्षे गोड्या पाण्यात काढल्यावर एका वसंतात त्याच्या अंगावर रुपेरी कांती चढते आणि वीतभर लांबीचा हा पोर समुद्राकडे निघतो. ग्रीनलंडच्या आसपासच्या थंड समुद्रांत तो पुष्ट होतो, आणि एक किंवा अधिक हिवाळे तेथे घालवून आपल्याच नदीत परत येतो. समुद्रातून गंगेत चढणारा हिलसा आपल्या ओळखीचा आहे. सॅमनची जात निराळी, पण रीत तीच. जन्मनदी तो वासाने ओळखतो, ही उपपत्ती हॅस्लर व विस्बी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1951 साली मांडली आणि ती पुढे मान्य झाली.

नदीत शिरताच सॅमनचे खाणे सुटते. समुद्रात साठविलेल्या मेदावर तो चढण चढतो, अंडी घालण्यापर्यंत तग धरतो. शरदात येणाऱ्यांपाशी वेळ थोडा असतो. दिवसागणिक रुपेरी रंग मावळून तांबूस-काळसर होतो. नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो. मग अशा व्रतस्थ माशाने गळ का धरावा? कोणी म्हणतात, जुन्या सवयीने. कोणी म्हणतात, चिडून. कोणाच्या मते निव्वळ कुतूहलाने. शंभर शौकिनांना विचारावे तर शंभर उत्तरे मिळतील, आणि नदीकाठच्या गप्पा कधीच आटत नाहीत याचे रहस्यही बहुधा हेच असावे.

15 सप्टेंबरपासून ट्वीडवर सॅमनसाठी फक्त 'माशी' वापरण्याची मुभा असते. माशाला माशी, हा शब्दयोग मराठीतच जुळावा! परंतु ही माशी कोणत्याही जिवंत माशीसारखी दिसत नाही. गळावर पिसे, केस आणि चकचकीत जरीचा धागा गुंडाळून केलेला तो एक रंगीत झुबका असतो. शरदात नारिंगी, पिवळे, तांबडे रंग अधिक पसंत पडतात. तिला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते जाड दोरीला. म्हणून येथे माशी फेकीत नाहीत, दोरी फेकतात. माशी तिच्यामागून जाते. बारा ते पंधरा फुटांची काठी दोन्ही हातांनी धरावी लागते. काठावर झाडी किंवा उंच दरड असेल तर दोरी मागे झुगारता येत नाही. तेव्हा ती पाण्यावरच वळवून पुढे उलगडण्याची युक्ती स्पे नदीवर निघाली, आणि तिचे नावही त्याच नदीवरून पडले.

बाकीचा भाग चिकाटीचा. दोरी पैलतीराकडे तिरकी टाकावी, प्रवाहाने माशी अर्धवर्तुळात वाहू द्यावी, दोन पावले खाली सरकावे, पुन्हा टाकावी. पाऊस पडून नदी चढलेली असावी आणि नुकतीच उतरू लागलेली असावी, ही उत्तम वेळ. पण याच दिवसांत पानगळही असते. गळाला सॅमनऐवजी पुन्हा पुन्हा पिवळे पानच लागते, आणि कमरभर गार पाण्यात उभ्या माणसाच्या स्वभावाची परीक्षा तेथेच होते. एवढे करून मासा लागला, तर नवशिका हमखास काठी उपसतो आणि मासा घालवितो. जाणता मनुष्य स्वस्थ राहतो. माशाने माशी घेऊन वळावे, दोरी ताणावी, मगच काठी उचलावी. केल्सो गावापाशी टेव्हिअट नदी ट्वीडला मिळते, तेथील डोहावर एक दिवस उभे राहण्यासाठीही भारी शुल्क पडते. तरीही सारा दिवस रिकाम्या हातांनी परतणे यात कोणाला नवल वाटत नाही.

ब्रिटनमधील मोठ्या सॅमनचे विक्रम शरदातलेच आहेत, आणि दोन्ही स्त्रियांच्या नावे आहेत. 7 ऑक्टोबर 1922 रोजी टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने 64 पौंडांचा मासा सुमारे दोन तास झुंजून काढला. तिच्या गळाला मात्र आमिष होते. माशीवरचा विक्रम 1924 सालचा, डेव्हरन नदीवरचा: श्रीमती मॉरिसन यांचा 61 पौंडांचा.

तसले मासे आता दिसत नाहीत. आणि साधेही विरळ झाले आहेत. ट्वीडचा इतिहास पाहता एकोणिसाव्या शतकात शरदातली झुंड मोठी होती, पुढे वसंतातली वाढली, 1960 नंतर पुन्हा शरदातली. 2010 साली ट्वीडवर काठीने वीस हजारांहून अधिक सॅमन पकडले गेले. 2014 पासून मात्र शरदातली झुंड रोडावली. हे जुनेच चक्र पुन्हा फिरत आहे, की तापत्या समुद्रात मासा मरत आहे, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या तर्कावर विसंबून स्वस्थ बसणे मात्र धोक्याचे वाटते, कारण डिसेंबर 2023 मध्ये ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची गणना संकटग्रस्त जातींत झाली.

काठीने पकडलेला सॅमन विकण्यास स्कॉटलंडमध्ये 2002 पासून बंदी आहे, आणि आता शंभरातील नव्वदांहून अधिक मासे परत सोडले जातात. सोडण्याचीही रीत आहे. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवावा. गळ अलगद काढावा. तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांनी धरावे. कल्ले नीट चालू लागले, शेपटीत बळ आले, की तो आपणच निसटतो. त्याच्या पोटातील अंडी अद्याप पोहोचावयाची असतात.

30 नोव्हेंबरला ट्वीडवरील काठ्या गुंडाळल्या जातात. त्याच सुमारास वरच्या उपनद्यांत मादी कुशीवर कलंडून शेपटीने वाळूखडे उडविते, खळगा करते, अंडी घालते आणि पुन्हा खडे लोटून झाकते. सेल्कर्कजवळ एट्रिक नदीच्या बंधाऱ्यावरून उड्या घेणारे सॅमन पाहावयास त्या दिवसांत माणसे जमतात. मासा उसळतो, बंधाऱ्यावर आदळतो, खाली पडतो. थोडा वेळ दिसेनासा होतो, आणि पुन्हा उसळतो.